किबुत्झ म्हणजे काय? वाळवंटातील सामाईक शेतीची ओळख, खाजनाच्या प्रदेशातून

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने गाझाच्या सीमेलगतच्या इस्रायली वस्त्यांवर हल्ला केला, तेव्हा बेएरी, नीर ओझ, कफार अझा ही नावे आपल्या वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आली. प्रत्येक नावाआधी ‘किबुत्झ’ असे लिहिलेले असे, पण किबुत्झ म्हणजे काय हे क्वचितच कोणी समजावून सांगितले. गोव्यात हे नाव त्याआधीपासून कानांवर पडत आले आहे, कारण सक्तीची लष्करी सेवा संपवून हरमल, मोरजी, हणजूण येथे येणारे इस्रायली तरुण गप्पांच्या ओघात त्याचा उल्लेख करतात. ऐकणाऱ्याचा गोंधळ मात्र कायम राहतो. ते गाव आहे, सहकारी संस्था आहे, आश्रम आहे की सरहद्दीवरची छावणी?

या चारही गोष्टींचा थोडाथोडा अंश किबुत्झमध्ये आहे. या लेखात प्रामुख्याने दक्षिण इस्रायलमधील अरावा या वाळवंटी खोऱ्यातील लहान शेतकरी किबुत्झांचा विचार केला आहे, कारण माणसे सामाईक शेती का करतात, या प्रश्नाचे उत्तर तिथे सर्वांत स्पष्ट दिसते. ज्यांच्या गावात खाजन, म्हणजे खाडीकाठची बांध घालून राखलेली, शेती आहे आणि ज्यांनी गावकारीचे, म्हणजे गावची जमीन समूहाने सांभाळणाऱ्या गोव्यातील जुन्या संस्थेचे (कोमुनिदादचे), व्यवहार जवळून पाहिले आहेत, त्यांना ते उत्तर फारसे परके वाटणार नाही.

पैसा सामाईक, म्हणजे नेमके काय

किबुत्झ म्हणजे सभासदांनी स्वेच्छेने वसवलेले असे गाव, ज्यात गोठे, बागा, यंत्रे, घरे आणि उत्पन्न सर्वांच्या मालकीचे असते. पारंपरिक किबुत्झमध्ये सभासद कोणतेही काम करो, गोठा साफ करो, हिशेब लिहो किंवा जवळच्या शहरात डॉक्टर म्हणून नोकरी करो, त्याची मिळकत संस्थेच्या खात्यात जमा होते आणि त्याच्या कुटुंबाला गरजेनुसार घर, जेवण, औषधोपचार, मुलांचे शिक्षण आणि वरखर्चासाठी ठरावीक रक्कम मिळते. एकत्र कुटुंबात जास्त मिळवणारा भाऊ आणि कमी मिळवणारा भाऊ एकाच पंक्तीला बसतात, तशी ही रचना आहे. मात्र येथे रक्ताचे नाते नसते आणि कर्त्या पुरुषाच्या जागी सर्व सभासदांची आमसभा असते.

पहिला किबुत्झ, देगानिया, १९१० मध्ये गॅलिलीच्या सरोवराकाठी पूर्व युरोपातून आलेल्या मूठभर ज्यू तरुणांनी स्थापन केला. आज इस्रायलमध्ये सुमारे २७० किबुत्झ आहेत, पण देशाच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा दोन टक्क्यांहूनही कमी आहे. त्यांच्याबरोबर ‘मोशाव’ या प्रकाराचाही उल्लेख येतो. मोशावमध्ये प्रत्येक कुटुंब आपापली शेती स्वतंत्रपणे करते आणि फक्त खरेदी, विक्री व पाणीपुरवठा एकत्रितपणे होतो. आपल्याकडच्या सहकारी संस्थांना मोशाव जवळचा आहे. किबुत्झ त्याच्या पुष्कळ पुढे जातो.

दोन गोष्टी आरंभीच ध्यानात घ्याव्यात. किबुत्झ आपल्या जमिनीचा मालक नसतो. इस्रायलमधील नव्वद टक्क्यांहून अधिक जमीन सार्वजनिक मालकीची आहे आणि किबुत्झ ती दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने कसतो. दुसरी गोष्ट सभासदत्वाची. बाहेरचा माणूस काही काळ उमेदवार म्हणून राहतो, त्याचे काम आणि वागणूक सर्वांच्या नजरेखालून जाते आणि मग आमसभा मतदानाने त्याला स्वीकारते किंवा नाकारते. आपल्या गावकारीत नेमके उलट आहे: जमीन गावकारांच्या समूहाची असते आणि गावकार होण्याचा हक्क पुरुष वंशपरंपरेने, म्हणजे जन्माने, येतो. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

एकट्या कुटुंबाला न पेलणारे काम

अरावा हे मृत समुद्रापासून तांबड्या समुद्रावरील एलात बंदरापर्यंत, जॉर्डनच्या सरहद्दीला लागून पसरलेले खोरे आहे. त्याच्या दक्षिण भागात वर्षभरात सरासरी २५ ते ३० मिलिमीटर पाऊस पडतो. पणजीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, त्यामुळे अरावाचे संपूर्ण वर्षाचे पाणी आपल्याकडे आषाढातल्या एखाद्या दुपारीच बरसून जाते. उन्हाळ्यात तापमान चाळीस अंशांच्या वर जाते, बारमाही नदी नाही आणि उत्तरेकडील सरोवराचे पाणी देशभर नेणारी, १९६४ मध्ये पूर्ण झालेली राष्ट्रीय जलवाहिनी या टोकापर्यंत पोहोचत नाही.

अशा ठिकाणी एखादे कुटुंब पाच एकर जमीन घेऊन स्वतःच्या बळावर शेती करू शकत नाही. खोल विहीर खणायची, पंप बसवायचा, वीज आणायची, किलोमीटरच्या किलोमीटर नळ टाकायचे, जमिनीतले मीठ धुऊन काढायचे आणि खजुराचे रोप लावल्यानंतर पहिले चांगले पीक येईपर्यंत चार-पाच वर्षे उत्पन्नाविना काढायची, हा भार एका घराच्या आवाक्याबाहेरचा आहे. शिवाय आजारपण, एखादे वाईट वर्ष, मुलांची शाळा, दवाखाना या गोष्टी आसपास दुसरे कोणी पुरवत नसेल, तर त्या आपल्याच समूहाने पुरवायच्या असतात. योतवाता येथे १९५१ मध्ये लष्करातील शेतकरी तुकडीचे ठाणे उभे राहिले आणि १९५७ मध्ये त्याचे किबुत्झ झाले. केतुरा १९७३ मध्ये, सामर १९७६ मध्ये आणि निओत स्मादार १९८९ मध्ये वसले. यांतील प्रत्येक वस्ती काहीशे माणसांचीच आहे.

सामाईक जीवनामागे समाजवादी विचार होता हे खरे, पण माझ्या मते वाळवंटात त्या विचाराला टिकवून धरले ते गरजेने. गोव्याच्या खाजन शेतीत हेच दिसते. मांडवी आणि जुवारीच्या खाड्यांलगतची खाजने भरतीच्या पातळीहून खाली आहेत. खारे पाणी अडवणारा बांध एका ठिकाणी फुटला, तर ज्याचे शेत बांधाला लागून आहे आणि ज्याचे शेत दूर आहे, त्या दोघांचेही भात जाते. म्हणून बांध कधीच एका कुटुंबाचा नव्हता. गावकारीच्या उत्पन्नातून आधी बांध, मानशी (बांधातील पाणी सोडण्या-अडवण्याचे दार), मंदिर आणि गावची इतर कामे यांचा खर्च होई आणि उरलेली रक्कम गावकारांत वाटली जाई. पोर्तुगीज अधिकारी अफोन्सो मेशिया याने १५२६ मध्ये या गावांचे रीतिरिवाज लिहून काढले, तेव्हा ही व्यवस्था आधीच जुनी झालेली होती.

मिठाशी झुंज

वाळवंटातील शेतीचा विषय निघाला की लोक पाण्याच्या टंचाईबद्दल बोलतात. अरावातील शेतकऱ्याची खरी झुंज मिठाशी आहे, आणि ती समजल्याशिवाय तिथल्या शेतीतले बारकावे लक्षात येत नाहीत.

अरावातील विहिरींचे पाणी मचूळ असते, म्हणजे समुद्राइतके खारट नसले तरी गोड पाण्यापेक्षा बरेच क्षारयुक्त असते. हे पाणी शेताला दिले की ऊन त्यातले पाणी उडवून नेते आणि क्षार मातीत मागे राहतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी, पुन्हा थोडे क्षार. काही हंगामांत मातीतील मीठ इतके वाढते की जमीन ओली दिसत असूनही मुळांना पाणी ओढून घेता येत नाही आणि पीक पाण्यात उभे राहून तहानलेले राहते. जिथे भरपूर पाऊस पडतो, तिथे हे मीठ दरवर्षी आपोआप धुऊन जाते. आपल्या खाजनात तेच होते: उन्हाळ्यात वर आलेले क्षार मृगाच्या पहिल्या सरींत विरघळतात, ते पाणी ओहोटीच्या वेळी मानशीतून बाहेर सोडले जाते आणि नंतरच कोरगूटासारखे मीठ सोसणारे भात पेरले जाते. अरावाला असा पाऊस नाही. तिथे शेतकऱ्याला पिकाच्या गरजेपेक्षा मुद्दाम जास्त पाणी द्यावे लागते, जेणेकरून वरचे पाणी क्षारांना मुळांच्या खाली ढकलील. पाण्याचा थेंब न् थेंब मोजणाऱ्या प्रदेशात पाणी जास्त द्यावे लागते ही विसंगती वाटते, पण त्याला दुसरा इलाज नाही.

येथेच ठिबक सिंचनाचे महत्त्व कळते. मराठी वाचकाला जळगाव-नाशिककडच्या केळी-द्राक्षांमुळे ठिबक परिचित आहे, पण त्याची सुरुवात एका खाऱ्या जमिनीवरच्या किबुत्झमध्ये झाली हे फारसे माहीत नसते. बीरशेबाजवळील हात्झेरिम हा किबुत्झ १९४६ मध्ये वसला, पण तिथल्या जमिनीतील क्षारांमुळे पीक नीट येईना आणि जागा सोडून देण्याची चर्चा होण्यापर्यंत वेळ आली. क्षार धुऊन काढण्याचे प्रयत्न यशस्वी झाले, तरी शेतीला जोड म्हणून एखादा कारखाना हवा असे सभासदांना वाटत होते. त्याच सुमारास सिम्हा ब्लास हा जलअभियंता आपल्या शोधासाठी भागीदार पाहत होता. नळीतून पाणी लांब, वळणावळणाच्या अरुंद मार्गाने नेले की त्याचा जोर ओसरतो आणि ते थेंबाथेंबाने पडते, ही त्याची कल्पना होती. छिद्र अगदी बारीक न ठेवताही पाणी हळू पडत असल्याने ते लगेच बुजत नाही. १९६५ मध्ये हात्झेरिमने ब्लास याच्याशी करार केला आणि नेताफिम ही कंपनी उभी राहिली. याच क्षेत्रातील दुसरी किबुत्झ-कंपनी नान-दान हिच्यात जळगावच्या जैन इरिगेशनने २००७ मध्ये निम्मा हिस्सा घेतला आणि पुढे ती पूर्णपणे ताब्यात घेतली, म्हणजे हा धागा महाराष्ट्रापर्यंत पोहोचलेला आहे.

पाणी वाचते हा ठिबकचा एक फायदा झाला. खारट जमिनीत त्याचा दुसरा उपयोग अधिक मोलाचा आहे. थेंब सतत पडत राहिल्याने मुळांभोवती ओल्या मातीचा एक गोळा तयार होतो, आणि पाणी बाहेरच्या दिशेने पसरताना क्षारांनाही आपल्याबरोबर कडेला नेते. खजुराच्या बागेत नळीपासून हातभर अंतरावर मातीवर पांढरट, खरखरीत कडे दिसते. ते या ढकललेल्या मिठाचे असते. आतमध्ये मुळे तुलनेने कमी खाऱ्या मातीत राहतात. मात्र हिवाळ्यात कधीतरी हलका पाऊस आला, तर तो कडेचे मीठ विरघळवून पुन्हा मुळांकडे नेतो. म्हणून असा पाऊस सुरू झाला की जाणता शेतकरी ठिबकचे पाणी चालू करतो. आभाळातून पाणी पडत असताना शेताला पाणी देणे बाहेरच्याला वेडेपणाचे वाटेल, परंतु मिठाचा हिशेब ज्याला ठाऊक आहे त्याला त्यावाचून गत्यंतर नसते.

पिकांची निवडही मिठानेच ठरवली. फळझाडांमध्ये खजुराइतके क्षार सोसणारी झाडे थोडीच असतात, आणि मेदजूल ही मोठ्या, मऊ फळांची जात परदेशी बाजारात चांगला भाव मिळवते. पण खजूर हे कष्टाचे पीक आहे. नर आणि मादी झाडे वेगळी असतात, त्यामुळे वसंत ऋतूच्या सुरुवातीस नर फुलांचा पराग माणसांनी मादी झाडांच्या फुलोऱ्यापर्यंत पोहोचवावा लागतो. नंतर काटे छाटणे, फळे मोठी व्हावीत म्हणून घडातील बरीच कोवळी फळे काढून टाकणे, घड बांधणे, पक्षी आणि कीटकांपासून वाचवण्यासाठी त्यांना जाळीच्या पिशव्या घालणे आणि ऑगस्टपासून पुढे यंत्राच्या उंच पाळण्यात उभे राहून काढणी करणे, ही सगळी कामे जमिनीपासून दहा-दहा मीटर उंचीवर होतात. मोठे झाड उन्हाळ्यात दिवसाला शेकडो लिटर पाणी पिते. त्यासाठी विहिरींच्या पाण्याबरोबर एलात शहराचे शुद्ध केलेले सांडपाणीही वापरले जाते.

खजुराखेरीज योतवाताचा गोठा प्रसिद्ध आहे. पंखे आणि पाण्याचे फवारे यांनी गाईंना थंड ठेवून तिथे दूध काढले जाते, आणि योतवाताचे चॉकलेट दूध इस्रायलभर विकले जाते. केतुरामध्ये २०११ मध्ये सुमारे पाच मेगावॅट क्षमतेचा सौर प्रकल्प सुरू झाला, जो त्या देशातील व्यापारी पद्धतीचा पहिला होता. तिथेच एलेन सोलोवे या कृषिशास्त्रज्ञ बाईंनी मसादा किल्ल्याच्या उत्खननात सापडलेल्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या खजुराच्या बीपासून २००५ मध्ये रोप उगवून दाखवले.

कामचुकारांचे काय?

ही सर्वांत पहिली आणि सर्वांत रास्त शंका असते. मोबदला सर्वांना सारखाच मिळणार असेल, तर चाळीस अंशांच्या उन्हात खजुराच्या झाडावर कोण चढेल?

याचे एक उत्तर आकारात आहे. काहीशे माणसांच्या वस्तीत, जिथे सर्व जण एकाच भोजनगृहात जेवतात, तिथे कोण पहाटे चारला गोठ्यात गेला आणि कोण नाही, हे सर्वांना ठाऊक असते. कामाची पाळी ठरवणारा सभासद दररोज तक्ता लावतो आणि स्वयंपाकघर, भांडी, धुलाई यांसारख्या कंटाळवाण्या कामांच्या पाळ्या आळीपाळीने सर्वांवर येतात. लोकलाज हे येथे पगाराइतकेच प्रभावी साधन असते. दुसरे उत्तर निवडीत आहे: उमेदवारीच्या काळात ज्याचे मन कामात नाही असे दिसते, त्याला मतदानात जागा मिळत नाही. सामर या किबुत्झने तर अनेक वर्षे कामाचा तक्ताही ठेवला नाही. कोणी काय करायचे हे ज्याने त्याने ठरवायचे आणि पैसे लागतील तेव्हा सामाईक पेटीतून घ्यायचे, अशी तिथली रीत होती, आणि ती चालली.

मात्र कामचुकारपणापेक्षा उलट बाजूचा प्रश्न अधिक गंभीर ठरला. ज्यांना बाहेर सर्वांत जास्त पगार मिळू शकतो, अशा हुशार आणि शिकलेल्या तरुणांना समान वाटणी सर्वांत महाग पडते, आणि तेच सोडून जातात. आळशी माणसाला समूह वठणीवर आणू शकतो. गुणी माणसाला दार बंद करून ठेवता येत नाही. शिवाय सामाईक जीवनाची किंमत खाजगी आयुष्यातून मोजावी लागे. कित्येक दशके बहुतेक किबुत्झमध्ये मुले आईवडिलांच्या घरी न झोपता बालगृहात झोपत असत. ती प्रथा आयांच्याच आग्रहाने हळूहळू बंद पडली आणि १९९० च्या दशकात संपली. स्त्रीपुरुष समानतेचा उच्चार पहिल्या दिवसापासून होता, तरी स्वयंपाकघर, धुलाई आणि मुले यांची कामे बहुतांशी स्त्रियांकडेच आली. ही गोष्ट किबुत्झचे कौतुक करणारे सहसा सांगत नाहीत, म्हणून ती येथे मुद्दाम नमूद करतो.

मग हे मोडले का?

बऱ्याच अंशी बदलले. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात इस्रायलमध्ये महागाई वर्षाला चारशे टक्क्यांच्या आसपास पोहोचली होती. अशा काळात कर्ज काढणे फायद्याचे वाटते, कारण फेडताना पैशाची किंमत घसरलेली असते. किबुत्झांनी कारखाने, भोजनगृहे, घरे यांसाठी मोठी कर्जे घेतली. १९८५ मध्ये सरकारने महागाई एकदम आटोक्यात आणली, व्याजाचे दर चढले आणि अनेक किबुत्झ कर्जाखाली दबले. १९८९ पासून सरकार, बँका आणि किबुत्झ यांच्यात कर्जमाफी व पुनर्रचनेचे करार झाले. त्यानंतर बहुसंख्य किबुत्झांनी कामाप्रमाणे वेगवेगळे पगार, घरांची खाजगी मालकी आणि जेवणाचे वेगळे पैसे ही पद्धत स्वीकारली. जुन्या अर्थाने सामाईक राहिलेले किबुत्झ आज सुमारे चतुर्थांश किंवा त्याहून कमी आहेत.

अरावातील केतुरा आणि निओत स्मादार यांनी सामाईक पद्धत टिकवून धरली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. तेल अवीवजवळच्या किबुत्झमधील सभासदाला शहर, नोकरी आणि जमिनीच्या वाढत्या किमती दाराशीच खुणावतात. अरावात शेजारी असते ते ओसाड रान. जिथे एकमेकांवाचून भागत नाही, तिथे एकत्र राहण्याचे कारण लवकर विसरले जात नाही.

ही सरकारी पैशावर उभी असलेली शेती नाही का?

यातील बरेच खरे आहे. जमीन सार्वजनिक, ती नाममात्र भाड्याने मिळालेली. विहिरी, रस्ते, वीज यांत सरकारचा पैसा. सरहद्दीवर वस्ती असावी म्हणून लष्कराचे पाठबळ. अरावातील शेतीकडे केवळ नफ्याच्या हिशेबाने पाहिले असते, तर ती सुरूच झाली नसती. तरीही पैसा ओतला की शेती उभी राहते असा अर्थ त्यातून काढणे चूक होईल, कारण सरकारी पैशांनी उभारलेले आणि पुढे ओस पडलेले प्रकल्प जगभर आहेत. पैशाबरोबर तिथे टिकून राहणारी माणसे लागतात, आणि ती किबुत्झने दिली.

ती जमीन आधी कोणाची होती?

हा प्रश्न टाळून किबुत्झवर लिहिणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. नेगेव हे दक्षिण इस्रायलमधील वाळवंट आणि अरावा हा निर्मनुष्य प्रदेश नव्हता. बेदुइन अरब टोळ्या तिथे पिढ्यानपिढ्या गुरे चारत आणि उत्तर नेगेवमध्ये पावसावर जव, गहू पिकवत. १९४८ च्या युद्धात सुमारे सात लाख पॅलेस्टिनी विस्थापित झाले. नेगेवमधील बहुतेक बेदुइनही त्या काळात बाहेर गेले किंवा घालवले गेले, आणि उरलेल्यांना एका मर्यादित पट्ट्यात हलवण्यात आले. त्यांच्या वहिवाटीच्या जमिनीचे कागद नसल्याने इस्रायली कायद्याने त्यांचे दावे फारसे मानले नाहीत. आजही नेगेवमध्ये सरकारी मान्यता नसलेली बेदुइन गावे आहेत, ज्यांना नळ आणि वीज नाही आणि जिथली घरे पाडली जातात. वाळवंटात फुललेल्या बागेचे कौशल्य मान्य करतानाच, त्या बागेला मिळालेले पाणी शेजारच्या बेदुइन वस्तीला का मिळाले नाही, असे विचारलेच पाहिजे. कष्ट खरे होते आणि अन्यायही खरा होता.

कामाच्या हातांबद्दलही असेच आहे. दुसऱ्याच्या मजुरीवर जगायचे नाही, आपली शेती आपणच कसायची, हे किबुत्झचे मूळ तत्त्व होते. आज इस्रायलच्या शेतीत थायलंडहून आलेले हजारो मजूर राबतात, आणि अरावातील शेतीही त्यांच्यावर अवलंबून आहे. ७ ऑक्टोबरच्या हल्ल्यात मारल्या गेलेल्यांत थाई शेतमजूर मोठ्या संख्येने होते, तसेच अलुमीम या किबुत्झमध्ये शेतीचे शिक्षण घेत काम करणारे नेपाळचे दहा विद्यार्थी होते. किबुत्झच्या आमसभेत अशा बाहेरून आलेल्या मजुरांना मत नसते.

गोव्याला यातून काय उपयोगाचे आहे?

ठिबकच्या नळ्या आणून खाजन वाचणार नाही. फोंडा-सत्तरीच्या कुळागरांना, म्हणजे सुपारी-नारळाच्या मिश्र बागांना, उन्हाळ्यात त्यांचा उपयोग आहे, पण आपल्या भातशेतीचा प्रश्न वेगळा आहे. किबुत्झकडून आपल्याला शिकण्याजोगी बाब जबाबदारी कोणाची या प्रश्नाशी संबंधित आहे.

गावकारीत बांधाची जबाबदारी आणि जमिनीचे उत्पन्न एकाच हाती होते. ती व्यवस्था न्याय्य होती असे मी म्हणणार नाही. घाम गाळणारे कूळ बहुधा गावकार नसे, स्त्रियांना वाटा नसे आणि जन्माने बाहेरच्या माणसाला आत येण्याचा मार्ग नव्हता. १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला संरक्षण दिले, ते योग्यच झाले. बांधांची देखभाल कुळांच्या संघटनांकडे सोपवली गेली, पण ज्या उत्पन्नातून बांध राखला जाई ते उत्पन्न आणि ज्या सभेत त्याचा निर्णय होई ती सभा त्यांच्याबरोबर आली नाही. पुढे मानशीवरील मासेमारीचा लिलाव हाच पुष्कळ ठिकाणी मुख्य पैसा ठरला. मासळीसाठी खारे पाणी आत ठेवणे फायद्याचे, भातासाठी ते बाहेर ठेवणे आवश्यक. दोन्ही हितसंबंध एका सभेत बसून सोडवले गेले नाहीत, तेव्हा बांध फुटले किंवा फुटू दिले गेले, आणि बरीच खाजने पडीक राहिली.

कोमुनिदाद आज बातम्यांत येते ती मुख्यतः घरांच्या आणि भूखंडांच्या संदर्भात. तिच्या जमिनीवरील जुनी घरे नियमित करण्यासाठी २०२५ मध्ये विधानसभेने कायद्यात दुरुस्ती केली, तेव्हाही चर्चा मालकीची झाली, बांधांची झाली नाही. अरावातील किबुत्झकडे जमिनीची मालकी नाही, तरी तो शेती राखतो, कारण पाणी, मीठ, पीक आणि पैसा यांचा निर्णय तिथे राहणारी आणि त्या निर्णयाचे परिणाम भोगणारी माणसे एकाच सभेत घेतात. खाजनाच्या गावांत अशी सभा पुन्हा उभी करायची असेल, तर तिच्यात गावकार, कूळ, मानशीवर मासे धरणारा आणि शेतात लावणी करणारी बाई या सर्वांना मत असावे लागेल, आणि मानशीच्या लिलावाचा पैसा वाटण्याआधी त्यातून बांधाचा खर्च वेगळा काढण्याचा अधिकार तिला कायद्याने द्यावा लागेल.